मायएसक्यूएल सुरू होतानाच बंद पडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर पडला की लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दोन्ही डेटाबेस सर्व्हरना हे लागू आहे. फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे. आज्ञा आणि फायलींची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची. घाईत असाल तर निदान प्रश्न २ आणि ४ वाचा आणि मगच कशाला हात लावा.

१. 'कनेक्ट होत नाही' असा मेसेज येतोय. म्हणजे सर्व्हर क्रॅश झालाय का?

तसंच असेल असं नाही. २००२ किंवा २००३ क्रमांकाची एरर क्लायंट देतो, सर्व्हर नाही. 'मी दार वाजवलं, कोणी उघडलं नाही' एवढंच तिचं म्हणणं असतं. सर्व्हर चालू असूनही सॉकेटची (एकाच मशीनवर जोडणी करायची) फाईल क्लायंट शोधतोय तिथे नसेल, किंवा सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर असेल, तरी हीच एरर येते. आधी प्रोसेस जिवंत आहे का ते पाहा. लिनक्सवर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सर्व्हिसचं नाव, विंडोजवर टास्क मॅनेजर. प्रोसेस दिसत नसेल, किंवा दर काही सेकंदांनी तिचा प्रोसेस क्रमांक बदलत असेल, तर सर्व्हर सुरू होताना पडतोय. मग पुढचा प्रश्न वाचा.

२. एरर लॉग कुठे असतो आणि त्यात नेमकं काय शोधायचं?

उबुंटूवर मायएसक्यूएलचा लॉग बहुधा '/व्हार/लॉग/मायएसक्यूएल/' या फोल्डरात असतो. रेड हॅट कुळातल्या सिस्टिमवर '/व्हार/लॉग/' मध्येच 'मायएसक्यूएलडी.लॉग' नावाची फाईल असते. झॅम्पमध्ये (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) 'मायएसक्यूएल' फोल्डरातल्या 'डेटा' फोल्डरात 'मायएसक्यूएल_एरर.लॉग' मिळते. यातलं काहीच नसेल तर डेटा फोल्डरात मशीनच्या नावाची, 'ईआरआर' शेपटाची फाईल शोधा.

बहुतेक जण शेवटची ओळ कॉपी करून पाठवतात. शेवटची ओळ 'अबॉर्टिंग' किंवा 'शटडाऊन कम्प्लीट' असते आणि तिच्यातून काहीही कळत नाही. शेवटच्या वेळी सर्व्हर जिथून सुरू व्हायला लागला ती ओळ शोधा आणि तिथून खाली वाचत या. वाटेत 'एरर' शिक्क्याची जी पहिली ओळ लागेल, तीच बहुतेक वेळा खरं कारण सांगते. तिच्याखालच्या दहा एरर हा तिचाच परिणाम असतो: स्टोरेज इंजिन (टेबलं डिस्कवर साठवणारा भाग) उघडलं नाही, म्हणून प्लगइन चाललं नाही, म्हणून टेबल मिळालं नाही, म्हणून सर्व्हर थांबला. यातलं 'टेबल मिळालं नाही' एवढंच वाचून टेबल दुरुस्त करायला बसलात तर दिवस वाया जातो.

३. लॉगची फाईल रिकामी आहे. आता?

म्हणजे लॉग उघडण्याच्या आधीच सर्व्हर पडला. लिनक्सवर 'जर्नलसीटीएल'मध्ये त्या सर्व्हिसच्या नोंदी पाहा. कॉन्फिग फाईलमधली चूक, लॉगच्या फोल्डरावर लिहिण्याची परवानगी नसणं, हे तिथे सापडतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधून 'मायएसक्यूएलडी' ही आज्ञा 'कन्सोल' पर्यायासह चालवा, सगळा मजकूर समोरच पडतो.

लिनक्सवरही सर्व्हर असा हाताने चालवता येतो, पण रूट म्हणून चालवू नका. तयार होणाऱ्या नव्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर नेहमीची सर्व्हिस त्यांना हात लावू शकत नाही. मूळचा एक प्रश्न होता, त्याचे दोन होतात.

४. दुरुस्ती सुरू करण्याआधी काय करू?

सर्व्हिस पूर्ण थांबवा. आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर तेही बंद करा. मग संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा: आयबीडेटा (सामायिक डेटा फाईल), रीडू लॉग (ताज्या बदलांची नोंद), सगळ्या डेटाबेसचे फोल्डर, सगळं. दुसरी डिस्क नसेल तर बाहेरची जोडा, पण ही पायरी गाळू नका. ऑफिसमधले सगळे डोक्यावर उभे असतील तरीही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत डेटा मूळ क्रॅशमध्ये गेलेला क्वचित दिसतो. तो जातो त्यानंतरच्या तासाभरात, कुठल्यातरी व्हिडिओत पाहून फायली उडवल्यामुळे. सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो तेव्हा बऱ्याचदा तो डेटा वाचवण्यासाठीच थांबलेला असतो.

५. लॉगमध्ये 'एरर क्रमांक १३', '२८', '११' असं काहीतरी दिसतं. हे आकडे कसले?

हे आकडे ऑपरेटिंग सिस्टिमचे आहेत, मायएसक्यूएलचे नाहीत. लिनक्सवर नेहमी दिसणारे असे: २ म्हणजे फाईल किंवा फोल्डर जागेवर नाही. ११ म्हणजे फाईलला कुलूप आहे, दुसरी मायएसक्यूएल प्रोसेस त्याच फायली धरून बसली आहे. १३ म्हणजे परवानगी नाही (मालकी बरोबर असूनही येत असेल तर प्रश्न ८ पाहा). २४ म्हणजे उघड्या फायलींची मर्यादा संपली. २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही, त्यासाठी प्रश्न ६ पाहा. ३० दिसला तर जरा घाबरायला हरकत नाही: फाईल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरली आहे आणि बहुतेकदा डिस्कमध्ये बिघाड सापडल्यावर लिनक्सने स्वतःच तसं केलेलं असतं. तिथे डेटाबेस दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवा.

इतर कोणताही आकडा आला तर मायएसक्यूएलबरोबरच मिळणारं 'पीएरर' हे छोटं साधन त्याचा अर्थ सांगतं.

रीबूटनंतरच २ येत असेल आणि त्यात '/रन' किंवा '/व्हार/रन' मधल्या पीआयडी (प्रोसेस क्रमांकाच्या) फाईलचं नाव असेल, तर ते फोल्डर मेमरीत असतं आणि रीबूटला पुसलं जातं, हे लक्षात घ्या. ते पुन्हा तयार करून मालकी मायएसक्यूएलला द्या. ते दर वेळी आपोआप तयार व्हावं, ही सोय सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी व्यवस्था) आहे.

६. डिस्क भरली आहे. ते मोठमोठे बायनरी लॉग डिलीट करू का?

हाताने नको. बायनरी लॉग म्हणजे डेटातल्या बदलांची नोंद, आणि त्याच्या फायलींची यादी एका इंडेक्स फाईलमध्ये असते. यादीत नाव आहे आणि फाईल नाही अशी स्थिती झाली की सर्व्हर नव्या कारणाने सुरू व्हायला नकार देऊ शकतो. आधी दुसरीकडून जागा काढा: जुने वेब सर्व्हर लॉग, पॅकेजांची कॅश, जर्नलच्या जुन्या नोंदी. थोडी जागा झाली आणि सर्व्हर सुरू झाला की आतून 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही आज्ञा द्या. ती यादी आणि फायली दोन्ही नीट सांभाळते.

फायली आधीच उडवून झाल्या असतील तर इंडेक्स फाईल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि ज्या फायली आता नाहीत तेवढ्याच ओळी काढा. रेप्लिका (डेटाची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) जोडलेली असेल तर तिला ते लॉग मिळाले होते का, हे तपासावं लागेल.

मायएसक्यूएल ८.० पासून बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि ३० दिवस ठेवला जातो. छोट्या डिस्कवर ही मुदत कमी करा. आणखी दोन फसव्या गोष्टी आहेत. जागा दिसत असूनही २८ येत असेल तर आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का पाहा ('डीएफ'ला 'आय' पर्याय). शिवाय ईएक्सटी४ फाईल सिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे तुम्ही रूट म्हणून फाईल बनवून 'जागा तर आहे' म्हणता, आणि मायएसक्यूएलला मात्र ती मिळत नाही.

७. पोर्ट ३३०६ आधीच वापरात आहे असं म्हणतो. कोण वापरतंय ते कसं शोधू?

विंडोजवर 'नेटस्टॅट'ला 'एएनओ' पर्याय देऊन ३३०६ ची ओळ शोधा. शेवटचा आकडा प्रोसेसचा, तो टास्क मॅनेजरमध्ये जुळवा. लिनक्सवर 'एसएस' हेच काम करतं. बहुतेकदा आधी कधीतरी इन्स्टॉल केलेलं दुसरं मायएसक्यूएलच निघतं: झॅम्प आणि मायएसक्यूएल वर्कबेंचबरोबर आलेला सर्व्हर ही जोडी कॉलेजच्या लॅपटॉपवर हमखास सापडते. एक थांबवा किंवा एकाचं पोर्ट बदला. पोर्ट बदललंत तर पीएचपीमायअॅडमिनच्या कॉन्फिगमध्येही बदला.

'पत्ता मिळत नाही' अशी तक्रार असेल तर मुद्दा पोर्टचा नाही. कॉन्फिगमधल्या 'बाइंड_अॅड्रेस'मध्ये जो आयपी आहे तो आता या मशीनकडे नाही. क्लाऊडवर मशीन बदललं की हे होतं.

८. फोल्डरचा मालक मायएसक्यूएल आहे, परवानग्याही बरोबर आहेत, तरी एरर १३. असं कसं?

तुम्ही डेटा फोल्डर नव्या डिस्कवर हलवला आहे, बरोबर? उबुंटूवर अॅपआर्मर आणि रेड हॅट कुळात एसईलिनक्स ही वेगळी पहारेदारी असते. मायएसक्यूएलने कोणत्या फोल्डरात जायचं हे तिथे ठरलेलं असतं, मालकी कोणाचीही असो. अॅपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये नवा मार्ग जोडून ते पुन्हा लोड करा. एसईलिनक्समध्ये नव्या फोल्डरला मायएसक्यूएलच्या डेटाचं लेबल द्या आणि 'रिस्टोअरकॉन' चालवा. एसईलिनक्स कायमचं बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. दोन आज्ञांचं काम टाळण्यासाठी सर्व्हरचं संरक्षण काढून टाकणं मला पटत नाही.

एक राहतंच: वरच्या फोल्डरांनाही आत शिरण्याची परवानगी लागते. डेटा कोणाच्या 'होम' फोल्डरात ठेवला असेल तर तिथेच अडतं.

९. एक जीबीचा स्वस्त व्हीपीएस आहे. मायएसक्यूएल सुरू होतं आणि लगेच मरतं, लॉगमध्ये काहीच कारण नाही.

लॉग मध्येच तुटलेला असेल, निरोपाची ओळ नसेल, तर कर्नलने प्रोसेस मारली असण्याची शक्यता मोठी. 'डीएमईएसजी'मध्ये 'आऊट ऑफ मेमरी' आणि मायएसक्यूएलचं नाव शोधा. सिग्नल ९ दिसला तरी तेच.

इनोडीबी या नेहमीच्या स्टोरेज इंजिनाचा बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मुळात १२८ एमबी असतो. पण कुठल्यातरी लेखातून 'रॅमच्या ७० टक्के द्या' ही ओळ उचललेली असते. तो सल्ला फक्त डेटाबेस चालवणाऱ्या मशीनसाठी आहे. त्याच व्हीपीएसवर पीएचपी, वेब सर्व्हर आणि मेल असेल तर बफर पूल १२८ वर आणा, कनेक्शनची कमाल मर्यादा कमी करा, परफॉर्मन्स स्कीमा बंद करा आणि स्वॅप फाईल जोडा. वेब सर्व्हरच्या प्रोसेसची संख्याही बघा. मारली जाते मायएसक्यूएल, पण मेमरी बऱ्याचदा वेब सर्व्हरनेच खाल्लेली असते.

१०. झॅम्पमध्ये 'मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली' येतं. व्हिडिओत आयबीडेटा१ डिलीट करायला सांगितलंय. करू?

अजिबात नको. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर.

झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. अलीकडच्या झॅम्पमध्ये १०.४ ही मालिका येते आणि तिच्यात युजर आणि परवानग्यांची सिस्टिम टेबलं आरिया या इंजिनात असतात. पॅनेलमधून 'स्टॉप' न करता लॅपटॉप बंद केला, की बिघडतात ती बहुधा हीच टेबलं. तुमचा प्रोजेक्ट सहसा इनोडीबीत असतो आणि तो धड असतो. आयबीडेटा१ मध्ये इनोडीबीची टेबलांची यादी असते. ती उडवली की सर्व्हर खुशाल सुरू होतो, टेबलांची नावंही दिसतात, आणि उघडायला गेलं की 'टेबल इंजिनात नाही' असं उत्तर येतं.

लॉगमध्ये 'आरिया रिकव्हरी फेल्ड' असेल तर सर्व्हर बंद ठेवून 'आरिया_सीएचके' हे साधन दुरुस्तीच्या 'आर' पर्यायासह 'मायएसक्यूएल' या सिस्टिम डेटाबेसच्या एमएआय फायलींवर चालवा. मग 'आरिया_लॉग'ने सुरू होणाऱ्या फायली बाजूला हलवा आणि सर्व्हर सुरू करून पाहा.

तेवढ्याने भागलं नाही तर 'डेटा' फोल्डरचं नाव 'डेटा_जुना' करा. शेजारच्या 'बॅकअप' फोल्डरची कॉपी काढून तिला 'डेटा' नाव द्या. जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसचे फोल्डर, आयबीडेटा१ आणि दोन्ही आयबी_लॉगफाईल नव्यात आणा. या तीन फायली एकमेकींशी जुळलेल्या असतात, म्हणून एकत्रच. 'मायएसक्यूएल', 'परफॉर्मन्स_स्कीमा' आणि 'पीएचपीमायअॅडमिन' हे फोल्डर जुन्यातून आणू नका. तुम्ही बनवलेले युजर आणि पासवर्ड या उपायात जातात, ते पुन्हा करावे लागतील.

११. कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलली किंवा सर्व्हर अपग्रेड केला, आणि आता 'अननोन व्हेरिएबल' म्हणून थांबतो.

जुन्या आवृत्तीतली सेटिंग नव्या आवृत्तीतून काढली गेली आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये क्वेरी कॅशच्या सगळ्या सेटिंग गेल्या. एसक्यूएल मोडमधला 'नो_ऑटो_क्रिएट_युजर' गेला. ८.४ मध्ये 'डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन' गेलं. ती ओळ काढा. ८.०.१६ पासून 'व्हॅलिडेट-कॉन्फिग' पर्याय आहे, सर्व्हर सुरू न करता कॉन्फिग तपासून देतो. मारियाडीबीत तो नाही.

विंडोजवर दोन खास भानगडी आहेत. नोटपॅडने 'माय.आयएनआय' बीओएमसह सेव्ह केली की फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी अक्षरं बसतात, आणि चौकोनी कंसातलं शीर्षक डोळ्यांसमोर असूनही सर्व्हर म्हणतो की ग्रुपच नाही. बीओएमशिवाय सेव्ह करा. दुसरी उलट्या तिरक्या रेघेची: मार्गात तिच्यामागे टी किंवा एन आलं तर सर्व्हर त्याचा टॅब किंवा नवी ओळ असा अर्थ लावतो. मार्ग नेहमी सरळ तिरक्या रेघेने लिहा.

लिनक्सवर कॉन्फिग फाईलला सगळ्यांना लिहिण्याची परवानगी दिलीत तर सर्व्हर ती फाईल वाचतच नाही, नुसती वॉर्निंग देतो. तुमचा डेटा फोल्डर 'हरवतो' तो कधीकधी यामुळे.

१२. नवी आवृत्ती जमली नाही म्हणून जुनी परत टाकली. आता दोन्ही चालत नाहीत.

नवी आवृत्ती एकदा सुरू झाली की डेटा फोल्डर स्वतःच्या पद्धतीने बदलून टाकते. ८.० वरून ५.७ वर परतीची वाट नाही. ८.० च्या आतसुद्धा वरच्या आवृत्तीवरून खालच्या आवृत्तीवर येणं चालत नाही. नवीच आवृत्ती पुन्हा टाका, सुरू करा, डम्प (सगळ्या डेटाची एसक्यूएल फाईल) घ्या आणि तो जुन्या आवृत्तीच्या कोऱ्या फोल्डरात भरा.

'क्रॅशनंतर अपग्रेड करता येत नाही' असा मेसेज असेल तर जुना सर्व्हर नीट बंद न होताच अपग्रेड झाला आहे. रीडू लॉग जुन्या आवृत्तीचा आहे आणि तो तीच वाचू शकते. जुनी आवृत्ती टाका, सुरू होऊ द्या, व्यवस्थित बंद करा, मग अपग्रेड.

मायएसक्यूएल ८ चा डेटा फोल्डर मारियाडीबीला जसाच्या तसा देता येत नाही. डेबियनवर 'डिफॉल्ट मायएसक्यूएल' मागितलं की मारियाडीबी येतं, तिथे हा गोंधळ होतो.

१३. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. सकाळपासून सर्व्हर 'स्टार्टिंग' वरच आहे. किती वेळ थांबू?

लॉग पुढे सरकतोय तोवर थांबा. इनोडीबी आधी रीडू लॉगमधले राहिलेले बदल डेटा फायलींवर चढवतं, मग अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवतं. लाखो ओळींचा अपडेट मध्येच तुटला असेल तर वेळ लागणारच. मध्येच मारलंत तर पुढच्या वेळी हे सगळं नव्याने.

सर्व्हर ठरावीक वेळाने स्वतःच मरून पुन्हा सुरू होत असेल तर सिस्टिमडीची वेळमर्यादा संपते आहे. सर्व्हिसची सुरू होण्याची मुदत वाढवा. 'फार वेळा विनंती आली' म्हणून सिस्टिमडीने हात वर केले असतील तर 'रिसेट-फेल्ड' द्या.

१४. 'सिग्नल ६' आणि 'सिग्नल ११' मध्ये फरक काय?

६ आला तर सर्व्हरने स्वतःहून थांबायचं ठरवलं. इनोडीबीला अशक्य वाटणारी गोष्ट दिसली, बहुधा खराब पान (डेटा फाईलचा एक तुकडा), आणि पुढे लिहून आणखी बिघाड नको म्हणून त्याने काम सोडलं. वरच्या ओळींत कोणत्या टेबलाचं कोणतं पान ते असतं. ११ म्हणजे प्रोग्राम मेमरीत भलतीकडे गेला: बग, न जुळणारं प्लगइन, कधी खराब रॅम. प्लगइन काढून पाहा, त्याच मालिकेतली ताजी आवृत्ती टाकून पाहा, रॅम तपासा. ६ साठी पुढचा प्रश्न वाचा.

१५. 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी' किती ठेवू? सगळे ६ सांगतात.

१ पासून सुरू करा आणि सर्व्हर सुरू झाला की तिथेच थांबा. १ वर खराब पानांकडे दुर्लक्ष होतं. २ वर मागची साफसफाई बंद. ३ वर अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवली जात नाहीत. इथपर्यंत तुलनेने सुरक्षित. ४ पासून डेटा फायली कायमच्या बिघडू शकतात आणि इनोडीबी फक्त वाचण्यापुरतं उरतं. ५ वर अर्धवट ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याचं धरलं जातं. ६ वर रीडू लॉग बघितलाच जात नाही, म्हणजे पानं वेगवेगळ्या काळातली राहतात. ४ किंवा त्यापुढे जायचं तर मूळ फोल्डरावर नाही, प्रश्न ४ मध्ये काढलेल्या कॉपीच्या कॉपीवर.

ही सेटिंग दुरुस्ती करत नाही, डेटा बाहेर काढण्यापुरती वाट देते. सर्व्हर सुरू झाला की एकेका टेबलाचा डम्प घ्या. ज्या टेबलावर सर्व्हर पुन्हा पडेल ते वगळून बाकीची आधी काढा. मग त्या टेबलाच्या प्रायमरी कीवर तुकडे पाडा: आधी पहिल्या दहा हजार ओळी, मग पुढच्या. पडतो तो तुकडा आणखी बारीक करा. खराब पान १६ केबीचं असतं, त्यामुळे शेवटी हातून जातात त्या सहसा थोड्याच ओळी. सगळं बाहेर आलं की कोरा डेटा फोल्डर तयार करून त्यात भरा. सेटिंग काढून टाकून जुन्याच फोल्डरावर काम चालू ठेवणारे महिन्याभराने पुन्हा विचारायला येतात.

१६. आयबीडेटा१ आधीच उडवली. फक्त आयबीडी फायली उरल्यात. काही होईल?

बऱ्याचदा होतं. कोऱ्या सर्व्हरवर अगदी त्याच रचनेचं रिकामं टेबल बनवा, 'डिस्कार्ड टेबलस्पेस' द्या, जुनी आयबीडी फाईल (त्या टेबलाचा डेटा) तिथे ठेवा, मालकी नीट करा आणि 'इम्पोर्ट टेबलस्पेस' द्या. रचना आणि रो फॉरमॅट तंतोतंत जुळायला हवेत. ८.० च्या आयबीडी फायलींत रचना आतच असते, ती 'आयबीडी२एसडीआय' या साधनाने वाचता येते. जुन्या आवृत्त्यांत ती एफआरएम फायलींत असते. प्रोजेक्टचा कोड हाताशी असेल तर त्यातला टेबल बनवण्याचा स्क्रिप्ट सगळ्यात सोपा.

१७. डॉकरमध्ये कंटेनर सुरू होऊन लगेच बंद होतो.

एक्झिट कोड १३७ असेल तर प्रोसेस सिग्नल ९ ने मारली गेली, प्रश्न ९ पाहा. 'डेटा फोल्डरात फायली आहेत' म्हणून इनिशियलाइज थांबत असेल तर व्हॉल्यूममध्ये आधीच्या अर्धवट प्रयत्नाचा कचरा आहे. तो खरंच कचरा आहे याची खात्री करूनच उडवा. 'सीपीयूला एक्स८६-६४-व्ही२ येत नाही' असं असेल तर प्रोसेसर जुना आहे किंवा व्हर्च्युअल मशीनला दिलेला सीपीयूचा प्रकार जुना आहे. प्रकार बदला किंवा जुन्या पायावरची इमेज घ्या.

'डॉकर स्टॉप' १० सेकंद वाट पाहून प्रोसेस मारतो. मोठ्या डेटाबेसला तेवढ्यात नीट बंद होता येत नाही आणि दर वेळी प्रश्न १३ मधली रिकव्हरी चालते. ही मुदत वाढवा.

१८. विंडोजवरचा डेटा फोल्डर लिनक्सवर आणला. 'लोअर_केस_टेबल_नेम्स' वेगळं आहे म्हणतो. सेटिंग बदलली तरी तेच.

८.० पासून ही सेटिंग डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होतानाच ठरते आणि आत नोंदली जाते. विंडोजवर ती १ असते, लिनक्सवर ०. तुमचा फोल्डर १ चा आहे, तेव्हा लिनक्सच्या कॉन्फिगमध्येही १ लिहा. उबुंटूवर पॅकेज टाकताना ० चा नवा फोल्डर आपोआप तयार होतो आणि १ लिहिल्यावर त्याच्याशी जुळत नाही म्हणून तीच एरर उलट आकड्यांनी येते. आकडे कोणत्या क्रमाने आलेत ते वाचा: पहिला सर्व्हरचा, दुसरा फोल्डरचा. दुसरा ० असेल तर सर्व्हर अजून तुमच्या आणलेल्या फोल्डराकडे बघतच नाहीये, 'डेटाडिर'चा मार्ग तपासा.